गवंड्याच्या घरातलं सिमेंट

घर आम्हाला पसंत पडलं वसंतात आणि किल्ली हातात आली ती पुढच्या वर्षी. मधला सगळा काळ सह्यांचा. फ्रान्समध्ये वडिलोपार्जित मालमत्ता वाटणी न करता वारसांच्या सामाईक नावावर वर्षानुवर्षं पडून राहू शकते, आणि विकायची वेळ आली की साधारणपणे प्रत्येकाची सही लागते. आमच्या घराचे वारस लिमोज, लिओं, पॅरिस आणि एक जण थेट कॅनडात असे पांगलेले होते. त्यातल्या दोन भावांचं एकमेकांशी बोलणं बंद. सातबाऱ्यावरची नावांची रांग लहानपणापासून पाहिलेली असल्यामुळे मला यात काही नवल वाटलं नाही. नवरा मात्र मुंबईत, फ्लॅटमध्ये वाढलेला. भाऊबंदकी फ्रान्समध्येही असते हे पचवायला त्याला वेळ लागला.

हे घर आहे क्रूझमध्ये. क्रूझ म्हणजे फ्रान्सच्या बरोबर मधला, डोंगराळ, गवताळ आणि रिकामा होत गेलेला जिल्हा. १८५१ साली इथे सुमारे २ लाख ८७ हजार माणसं राहत होती, आज जेमतेम १ लाख १५ हजार उरली आहेत. त्यामुळे बंद घरं गल्लोगल्ली, आणि किमती फ्रान्समधल्या सर्वांत कमी किमतींपैकी. आम्ही दोघं नोकरीला क्लेरमाँ-फेराँला. तिथून शनिवारी सकाळी निघालं की अकराच्या आत गावात पोचता येतं, एवढ्याच हिशेबावर आम्ही हा भाग निवडला होता. बाकीचा इतिहास नंतर कळला.

घरखरेदीचा व्यवहार नोतेरशिवाय होत नाही. नोतेर म्हणजे अर्धा सरकारी अधिकारी आणि अर्धा वकील. आधी कच्चा करार होतो, त्यानंतर विकत घेणाऱ्याला १० दिवसांत कारण न देता माघार घेता येते. त्या १० दिवसांत वाचायचा असतो तो तपासण्यांचा गठ्ठा. १ जानेवारी १९४९च्या आधीचं घर असेल तर रंगात शिसं आहे का, जुलै १९९७च्या आधीच्या परवान्याचं असेल तर ॲस्बेस्टॉस आहे का, वायरिंग कसं आहे, ऊर्जेचा दर्जा काय. आमच्या गठ्ठ्यात आणखी दोन कागद होते. एक मैलाटाकीचा: टाकी नियमात बसत नाही, खरेदीनंतर एका वर्षात दुरुस्त करा. दुसरा रेडॉनचा. ग्रॅनाइटच्या प्रदेशात जमिनीतून हा किरणोत्सारी वायू झिरपत असतो आणि बंद घरात साचतो. ग्रॅनाइटवर ग्रॅनाइटचंच घर, तेव्हा क्रूझचा बराच भाग सगळ्यात वरच्या वर्गात मोडतो. हा कागद आम्ही बाकीच्यांसारखाच पटकन उलटला. पुढे जमिनीचं काम निघालं तेव्हा सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

पहिल्यांदा आत गेलो तेव्हा घर बाहेरून करडं, सपाट आणि निर्जीव दिसत होतं. सिमेंटचा गिलावा, त्यावर कधीतरी मारलेला मळकट रंग. आत हाताला लागेल तिथे ओल. कमरेपर्यंत भिंतींना लोणा लागलेला, हात फिरवला की पांढरी भुकटी हाताला. पुढच्या दाराच्या वर मात्र एक कोरीव दगड होता: दोन अक्षरं, मध्ये छोटा क्रूस आणि १८४७. दलालाने सांगितलं, घर १८४७चं आहे. आम्हीही तसंच धरून चाललो होतो.

जुने कागद बघायला मी गेरेला गेले. गेरे हे क्रूझचं जिल्ह्याचं ठिकाण, तिथे जिल्ह्याचं अभिलेखागार आहे. बरंचसं आता ऑनलाइनही दिसतं, पण नोतेरांचे जुने दस्त बघायचे तर वाचनकक्षात बसावं लागतं. नोतेरकडचे दस्त ७५ वर्षांनंतर सर्वांसाठी खुले होतात. आधी मागवला नेपोलियनचा भूमापन नकाशा. १८०७च्या कायद्याने फ्रान्सभर शेत न् शेत मोजायला सुरुवात झाली. आमच्या गावाच्या नकाशाचा ताव १८३०च्या आसपासचा. घरं फिकट गुलाबी रंगात भरलेली, प्रत्येक तुकड्यावर बारीक अक्षरात क्रमांक. चर्च सापडलं, विहिरीकडे वळणारी वाट सापडली, आणि तिच्या कडेला आमचा आयत. पण तो अर्धाच होता! आज घर जेवढं लांब आहे त्याचा पश्चिमेकडचा निम्मा भाग तेवढा नकाशात. आणि १८४७चा दगड बसवलेलं दार तर पूर्वेच्या अर्ध्यात.

मग १८४७ साली पूर्वेचा भाग वाढवला असावा, असं कोणीही म्हणेल. मीही वहीत तसंच लिहिलं. नकाशाबरोबरच्या खातेवह्या उघडल्या तर हिशेब बसेना. या वह्यांत मालक बदलला, बांधकाम वाढलं किंवा पडलं की नोंद होते. ती नोंद प्रत्यक्ष कामाच्या दोन-तीन वर्षं मागे असते, कारण नव्या बांधकामाला कर लगेच लागत नसे. आमच्या तुकड्यावर नवं घर चढलं होतं ते १८६०नंतर. त्याच सुमाराच्या एका दस्तात दोन भावांची वाटणी होती. १८०४च्या नागरी संहितेने सगळ्या मुलांना समान वाटा दिला, आणि त्याबरोबर भिंत घालून घर दुभागण्याचे दिवस आले. थोरल्याला जुनं घर, धाकट्याला शेजारची मोकळी जागा आणि पडक्या गोठ्याचे दगड. दगडांचा उल्लेख दस्तात आहे, हे मला फार आवडलं.

दगडाचा उलगडा गवंड्याने केला. त्याने टेप लावून १८४७च्या दगडाची लांबी मोजली, मग जुन्या भागातल्या दाराशी गेला. तिथे दारावर साधी ओकची तुळई आहे आणि तिच्या दोन्ही टोकांना भिंतीत एक-एक बोट जास्तीची खाच, मातीने बुजवलेली. तुळई खाचेपेक्षा आखूड होती. कोरीव दगड त्या खाचेत तंतोतंत बसला असता. म्हणजे १८४७चा दगड मुळात थोरल्याच्या दारावर होता आणि वाटणीनंतर धाकट्याच्या दारावर गेला. का गेला, भांडून की प्रेमाने, ते कुठल्याच कागदात नाही. पुढच्या पिढ्यांत कधीतरी दोन्ही भाग पुन्हा एका नावावर आले आणि मधल्या भिंतीत दार पाडलं गेलं.

जनगणनेच्या याद्यांनी या कुटुंबाचा धंदा सांगितला. १८३६पासून फ्रान्समध्ये दर पाच वर्षांनी घरोघरच्या नावांची यादी झाली. आमच्या घरात एकामागून एक यादीत बाप गवंडी, दोन्ही मुलगे गवंडी. बायका शेतकरी. क्रूझची ही जुनीच रीत. जमीन नापीक, तोंडं जास्त, म्हणून मार्चमध्ये गावातले पुरुष पायी निघायचे, पॅरिस किंवा लिओं गाठायचे, हिवाळ्याच्या तोंडाशी परत यायचे. शेती, गुरं, म्हातारी माणसं हे सगळं मागे बायकांच्या अंगावर. आमच्या घरातल्या जन्मनोंदी काढल्या तर बहुतेक मुलं सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये जन्मलेली. बाप घरी केव्हा असायचे त्याचा याहून पक्का पुरावा कुठला?

या गवंड्यांपैकी सगळ्यांत नावाजलेला मार्तँ नादो. १८१५ साली सूब्रबोजवळच्या ला मार्तिनेश या वाडीत जन्मला, १८३०च्या मार्चमध्ये, चौदा वर्षांचा असताना बापाबरोबर पॅरिसला निघाला. दिवसा पाट्या वाहिल्या, रात्री इतर मजुरांना लिहायला-वाचायला शिकवलं, १८४९मध्ये संसदेत निवडून गेला. १८५१च्या डिसेंबरात लुई-नेपोलियनने सत्ता बळकावल्यावर हद्दपार झाला आणि इंग्लंडात पुन्हा थापी हातात धरली. त्याचं जन्मघर आज संग्रहालय आहे. आम्ही तिथे गेलो तेव्हा मी बघत होते त्या भिंती. अगदी आमच्यासारख्या.

आता भिंतींबद्दल, कारण खरं काम तिथेच होतं. पहिल्यांदा आलेल्या कंत्राटदाराने दहा मिनिटांत निदान केलं: वाळूचा मारा करून दगड उघडे करू, सांधे सिमेंटने भरू, आतून काचलोकर आणि जिप्समचे पत्रे लावले की ओल दिसणार नाही. ‘दिसणार नाही’ हे त्याचेच शब्द. त्याला चहा पाजून निरोप दिला. दुसरा गवंडी आला तो पोर्तुगालहून १९६०च्या दशकात आलेल्या मजुराचा मुलगा. क्रूझचे गवंडी पॅरिसला गेले आणि क्रूझची घरं दुरुस्त करायला आता पोर्तुगीज मुलं, यावर तो स्वतःच हसला. त्याने दहा वर्षांच्या हमीच्या विम्याचा कागद न मागता दाखवला, कोपऱ्यातल्या सिमेंटवर हातोडीची मूठ वाजवली. पोकळ आवाज आला. छिन्नीने परातीएवढा पापुद्रा एका झटक्यात सुटला, आणि त्यामागून ओली पिवळी माती पायावर पडली.

ती माती म्हणजे घराचा सांगाडा धरून ठेवणारा गारा. आमच्या भिंती सुमारे ६५ सेंटिमीटर जाड आहेत: बाहेर एक दगडी अंग, आत दुसरं, मध्ये बारीक दगडांची भर, आणि मधूनमधून दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे आरपार लांब दगड. हे सगळं सांधलेलं ग्रॅनाइटच्या पिवळसर मुरमाने. चुना नाहीच. कारण इथल्या जमिनीत चुनखडीच नाही. चुना बाहेरून, बैलगाडीतून आणावा लागे, म्हणून तो महाग. रेल्वे आल्यावर कुठे तो आवाक्यात आला. पॅरिस नव्याने उभारणाऱ्या हौसमान या प्रशासकाच्या काळात तिथे लोकांसाठी चुनेगच्ची इमारती उभारणाऱ्या या माणसांनी स्वतःचं घर मुरमात बांधलं, आणि मोजका चुना वापरला तो फक्त बाहेरच्या सांध्यांना.

मुरमाची भिंत जमिनीतून पाणी ओढते, पण दोन्ही बाजूंनी उघडी असेल तर ते सोडूनही देते. दीडशे वर्षं हे असंच चाललं. मग बाहेरून सिमेंट, आतून तेलाचा रंग, खाली काँक्रीटची लादी. पाण्याला वाट म्हणून उरली फक्त भिंत, ते चढत चढत कमरेपर्यंत आलं. त्यात बाहेरची जमीनही पिढ्यान्‌पिढ्या माती-शेणखताने फूटभर वर आलेली. आम्ही खर्च केला त्यातला निम्म्याहून जास्त पैसा जुनं घर दुरुस्त करण्यात गेला नाही, आधीच्या दुरुस्त्या काढण्यात गेला. हे मी आता कोणालाही सांगते, आणि जुनं घर घेणाऱ्यांना ते ऐकायला आवडत नाही.

लादी फोडायला घेतली त्या दिवशी समोरच्या आजी काठी टेकत आल्या. वय नव्वदीकडे झुकलेलं. दारात उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, “हे माझ्या नवऱ्याने ओतलं होतं. ह्यांच्या वडिलांबरोबर. आमच्याकडचं झालं, मग इथलं.” मी ओशाळून कॉम्प्रेसर बंद करायला सांगितला. त्या म्हणाल्या, “करा, करा. तुम्हाला काय माहीत. मातीची जमीन होती तेव्हा पाहुणा आला की मला लाज वाटायची. सिमेंट झालं त्या दिवशी मी सगळ्यांना बोलावून कॉफी दिली.” मला आमच्या गावची आजी आठवली. सारवण सुटलं आणि शहाबादी फरशी आली म्हणून ती आठवडाभर अनवाणी घरभर फिरत होती. त्यानंतर ‘सिमेंटवाल्यांनी घराची वाट लावली’ हे वाक्य माझ्या तोंडी पूर्वीसारखं सहज येत नाही. भिंतीच्या दृष्टीने ते अजूनही खरंच आहे.

लादीखालची माती काढून त्या जागी सच्छिद्र लाव्हाखडी भरली. क्लेरमाँजवळच्या विझलेल्या ज्वालामुखींच्या रांगेमुळे ती आम्हाला जवळ आणि स्वस्त पडते. खडीत भोकाचे पाइप टाकून ते बाहेर काढले: ओलीसाठी आणि रेडॉनसाठी एकच उपाय. वरती चुन्याची लादी. बाहेरच्या बाजूने जमीन मूळ पातळीवर खाली नेली आणि भिंतीपासून थोडी दूर, पायाच्या खाली न जाणारी चर खणली. पायाला लागून खोल खणणं म्हणजे घराच्या पायाखालची जमीन काढणं, त्यामुळे गवंडी यावर फार कडक होता. ‘पाया’ म्हणजे तरी काय, मोठे धोंडे ठेवलेले आहेत, बस.

परवानगीचं प्रकरण थोडक्यात सांगते. गावचं चर्च संरक्षित स्मारक आहे. १९४३च्या कायद्यामुळे अशा स्मारकाभोवती ५०० मीटरच्या आत बाहेरून काही बदलायचं तर सरकारी वास्तुविशारदाचं मत घ्यावं लागतं. एरवी महिन्याभरात सुटणारा अर्ज मग दोन महिने घेतो. उत्तर आलं: खिडक्या लाकडी हव्यात, प्लास्टिकच्या नाहीत, छपराच्या रस्त्याकडच्या पाखीवर काचेची खिडकी नाही, मागच्या बाजूला चालेल, कौलं आत्ता आहेत त्याच जातीची. पहिल्या दोन अटींनी खर्च वाढला, आणि शेजारच्या घराच्या जुन्या पांढऱ्या प्लास्टिकच्या खिडक्या रोज समोर दिसतात त्याचा राग येतोच. खिडक्या मात्र सुरेख झाल्या आहेत.

कौलांची मजा वेगळी. छपराचा उतार कौलांना लागतो त्यापेक्षा फार तीव्र आहे आणि बाजूच्या त्रिकोणी भिंती छपराच्या वर डोकावतात. मूळ छप्पर राय-गवताचं असल्याच्या या खुणा. नंतर आली खाचेत खाच बसणारी यंत्रावरची कौलं. ही जात १८४१ साली अल्सासमधल्या जिलार्दोनी बंधूंनी काढली. मी शिडीवर चढून पहिलं कौल हातात घेतलं आणि उलटं केलं, तर मागच्या बाजूच्या आडव्या-उभ्या कडा ओळखीच्या. त्याच जातीची कौलं १८६५पासून बासेल मिशनने मंगळूरला भाजायला सुरुवात केली, आणि तीच पुढे मंगलोरी कौलं म्हणून कोकणात आणि घाटावर पसरली. वासे चेस्टनटचे. जोडाजोडावर सुताराने छिन्नीने रोमन आकडे कोरलेत, जमिनीवर जुळवून मग वर चढवताना गोंधळ होऊ नये म्हणून. चार आकडा तो चार उभ्या रेघांनी काढतो, शाळेतल्यासारखा नाही. एकच तुळई कुजलेली निघाली. भिंतीत घुसलेलं तिचं टोक सिमेंटाआड भिजत राहिलं होतं. चार टेकू देऊन तेवढंच टोक कापलं आणि नवीन ओक सांधला.

पुढच्या भिंतीत एक बुजवलेली खिडकी आहे. गावात येणारा प्रत्येक जण तिच्याकडे बोट दाखवून सांगतो: खिडक्यांवरचा कर! फ्रान्समध्ये दारा-खिडक्यांवर कर होता हे खरं, १७९८पासून १९२६पर्यंत. आणि म्हणूनच खातेवहीत प्रत्येक घरासमोर दारं-खिडक्यांची संख्या लिहिलेली असते. आमच्या घराची संख्या अनेक वर्षं तीच आहे. ती घटली वाटणीनंतर. त्या खिडकीमागे धाकट्याने जिना घातला होता, पायऱ्यांची तिरकी रेघ आतल्या भिंतीवर अजून दिसते. लोकांना कराची गोष्ट जास्त आवडते, मी आता वाद घालत नाही.

गिलावा आम्ही स्वतः करायचं ठरवलं, गवंड्याच्या देखरेखीखाली. त्याआधी मेझों पेझान द फ्रांस या १९६५ साली सुरू झालेल्या, खेड्यांतली जुनी घरं राखणाऱ्या संस्थेच्या एका कार्यशाळेला गेलो. तिथे पहिला धडा चुन्याचा नव्हता, पाण्याचा होता. आदल्या संध्याकाळी भिंत भिजवायची, सकाळी पुन्हा. कोरडी भिंत गिलाव्यातलं पाणी पिऊन टाकते आणि तो पिठासारखा गळतो. मग पहिला हात: पातळ कालवलेला चुना-वाळू थापीने फेकायचा, लावायचा नाही. फेकल्याने तो दगडाच्या खोबणीत घट्ट बसतो. मनगटाच्या झटक्याचं काम आहे, पहिल्या दिवशी अर्धं माझ्याच चेहऱ्यावर, म्हणून चष्मा सक्तीचा. चुना डोळ्यात गेला तर खेळ नाही. दुसरा थर जाड, तिसरा बारीक. चुना दोर्दोन्यमधला सँ-तास्तिएचा, वाळू इथल्याच नदीची, आणि रंगासाठी त्यात आमच्याच भिंतीतून निघालेला मुरूम चाळून थोडा. एकाला अडीच-तीन या प्रमाणात. ऊन लागणाऱ्या बाजूला ओलं गोणपाट टांगलं, कारण चुना हळूहळू हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगड होतो, त्याला घाई चालत नाही. पाच अंशांखाली तर हात लावायचाच नाही. त्यामुळे इथलं गिलाव्याचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि ऑक्टोबरात संपतं. पूर्वी गवंड्यांचं वर्षही साधारण तेवढंच.

आतून सहा सेंटिमीटर भांग-चुन्याचा थर दिला, भांगेच्या काटक्यांचा भुगा आणि चुना. काचलोकरीइतकी ऊब नाही, पण भिंत श्वास घेते आणि हात लावला की गार लागत नाही. पहिला हिवाळा गेला, लोणा फक्त विहिरीकडच्या कोपऱ्यात परत आला. गवंडी म्हणतो, भिंतीत साचलेलं मीठ बाहेर पडतंय, दर वर्षी खरवडा, कमी होत जाईल. रेडॉनचा मोजणी-डबा खालच्या खोलीत दोन महिने ठेवला होता, आकडा दर घनमीटरला ३०० बेकरेल या मर्यादेच्या बराच खाली आला.

उत्तरेची भिंत अजून सिमेंटातच आहे. यंदाच्या बजेटमध्ये मैलाटाकी आली आणि ती नोतेरच्या कागदाप्रमाणे वर्षाच्या आत करणं भाग होतं. गवंड्याने मे महिन्याची तारीख दिली आहे. त्याच्या आत तिकडचं सिमेंट आम्ही फोडून ठेवलं तर तेवढे मजुरीचे दिवस वाचतील, असं तो म्हणाला. आजींनी त्या बाजूच्या भिंतीचं सिमेंट कोणी लावलं होतं तेही सांगून ठेवलंय. तो माणूस मात्र त्यांना आवडत नव्हता.